सासरेबुवांचे हॅम आणि मुक्ताचे केळवण

डव्ह क्रीक, केंटकी
आश्विन वद्य षष्ठी (इथल्या पंचांगाप्रमाणे, मका घरात येऊन तंबाखूची कोठारे धुमसू लागल्यानंतरचा मंगळवार)

तीर्थस्वरूप अण्णाकाकांच्या चरणी, समुद्रापलीकडून निघालेला, आणि म्हणून वाटेत थोडासा चुरगळलेला, साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. तिकडे काकूंचा रक्तदाब खाली आणि बोअरचे पाणी वर राहावे अशी रोज प्रार्थना करतो. (गेल्या महिन्यात देवाच्या ऐकण्यात काही उलटापालट झालेली दिसते, तुमच्या पत्रावरून कळले.) तुमच्या गुडघ्यासाठी मात्र वेगळी प्रार्थना करीत नाही. ज्या गुडघ्यावर तुम्ही अजून देवळाच्या सगळ्या पायऱ्या चढता आणि उतरताना डॉक्टरांचा उद्धार करता, त्या गुडघ्याला देवाची नव्हे, विश्रांतीची गरज आहे.

मुक्ताच्या लग्नाचा तुम्ही काढलेला मुहूर्त पोचला. मार्गशीर्ष शुद्ध दशमी, गोरज. काय मुहूर्त आहे, काका! मी पंचांग उघडून पडताळायला बसलो आणि पडताळणारा मी कोण, असे म्हणून मिटून ठेवले. चंद्रबळ वधूला आहे, वराला आहे, आणि उरलेसुरले मंगल कार्यालयाच्या मॅनेजरलाही पुरेल. वराकडच्या आठवल्यांच्या गुरुजींनी सुचवलेले मुहूर्त तुम्ही एकेक करून ज्या रीतीने निकालात काढलेत ते वाचून मला पाठशाळेतले वाद आठवले. प्रतिपक्षाला आधी आसन द्यायचे, मग पाणी द्यायचे, आणि मग काहीच द्यायचे नाही. (हे कौतुक अगदी निर्हेतुक आहे. निदान सहीपर्यंत तरी तसेच धरून चालावे.)

आता तुमचा प्रश्न. मुक्ताचे आजोबा लग्नाला येणार की नाही, हे तुम्ही तीन पत्रांत विचारलेत, आणि तिसऱ्यात तर खाली दोन रेघा मारल्यात. तुमची अडचण मला समजते. डार्लीनला भाऊ नाही, त्यामुळे मुक्ताला मामा नाही, आणि मामाशिवाय नवरीला बोहल्याकडे आणणार कोण? तेव्हा मामाचा मान आईच्या वडिलांना द्यावा हा तोडगा तुम्हीच काढलात, आणि मुक्ताने तो ऐकल्या क्षणापासून दुसरे काही ऐकण्याचे सोडून दिले आहे. पापॉने (आजोबांना इकडे पापॉ म्हणतात) हात धरून आणले नाही तर मी अंतरपाटापाशी पाऊलच टाकणार नाही, असे तिने जाहीर केले. एवंच, सासरेबुवा आले तर लग्न, न आले तर रुसवा. आणि रुसवा वरमाईचा असता तर शालूवर भागले असते. हा खुद्द नवरीचा.

सासरेबुवांना तुम्ही फोटोत पाहिले आहे. डोक्यावर टोपी, टोपीखाली भुवया, आणि भुवयांखाली उरलेल्या जागेत जगाविषयी नापसंती. त्यांनी, म्हणजे हर्शेल यांनी, येण्यास नकार दिला होता आणि तो त्यांच्या परीने सशास्त्र होता. तुमचा मार्गशीर्ष म्हणजे त्यांचा मीठ लावण्याचा महिना. पहिली कडक थंडी पडली की डुकरे कापायची, त्यांच्या मागच्या मांड्या मिठात आणि साखरेत पुरायच्या, रोज जाऊन कुठे मीठ सुटले आहे, कुठे चोळायला हवे आहे ते बघायचे. मग माघ-फाल्गुनात त्या धुराच्या खोलीत टांगून हिकरीच्या लाकडाची धुरी द्यायची. आणि मग वर्ष-दोन वर्षे त्यांच्याकडे नुसते आदराने बघायचे. यालाच हॅम म्हणतात. (शहरातल्या दुकानात याच नावाने जे गुलाबी, ओले काहीतरी मिळते त्याचा उल्लेख हर्शेल यांच्यापुढे करीत नाहीत.) मिठाच्या दिवसांत ते घर सोडत नाहीत. डार्लीनचा जन्म याच दिवसांतला. मुलगी झाली हा निरोप मिळाल्यावर त्यांनी आधी हातातली मांडी पुरी चोळली, मग हात धुतले, मग दवाखान्यात गेले, असे सासूबाई सांगत. एरवीही ते नॅशव्हिलच्या पलीकडे गेलेले नाहीत, आणि नॅशव्हिललासुद्धा करवत आणायला गेले होते.

त्यांच्या त्या धुराच्या खोलीविषयी तुम्हाला एकदा सविस्तर लिहायचे आहे, कारण तिथे माझी सगळी विद्या फुकट गेली. आपण शिकलो की जिथे धूर तिथे विस्तव. हर्शेल यांचे म्हणणे, धूर हवा आणि विस्तव दिसता कामा नये. ज्वाला दिसली म्हणजे राखणारा गाढव. मी नवा जावई असताना त्यांना म्हणालो होतो की आमच्याकडे धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. ते म्हणाले, "आमच्याकडे हात घालून बघतात." त्यानंतर त्यांनी मला त्या खोलीच्या उंबऱ्याआत एकट्याला कधी सोडले नाही.

तर मुक्ता त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली. मी सोबत होतो, पण बोलण्याची परवानगी नव्हती. ती म्हणाली, "पापॉ, एक वर्ष मीठ दुसरं कुणीतरी लावेल."

"कोण?"

"कुणीही."

"कुणीही लावलेलं मीठ कुणीही खावं," असे म्हणून हर्शेल झुलत्या खुर्चीत झुलू लागले. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "व्हर्ना गेल्यापासून या घरात धड हॅम शिजलेलं नाही. मी टांगतो आणि परके लोक घेऊन जातात. ओपलने एकदा शिजवलं, ते कुत्र्याने खाल्लं. ज्या घराला हॅम शिजवता येत नाही त्या घराच्या लग्नात मी हात धरून कुणाला कुठे नेऊ?"

व्हर्ना म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन दोन वर्षे होऊन गेली. मीठ आणि धूर हा हर्शेल यांचा प्रांत आणि शिजवण्याचा डबा आणि चूल हा त्यांचा, असे उभ्या संसारात चालले होते. त्या गेल्यावर अर्धा प्रांत ओस पडला.

"आणि आजीसारखं शिजलं तर?" मुक्ताने विचारले.

"व्हर्नासारखं?"

"आजीसारखं. तर येशील?"

खुर्ची थांबली. "बघू," ते म्हणाले. (हर्शेल यांचे 'बघू' हे इतरांच्या शपथेइतके चालते. या तालुक्यातल्या बँकेत चालते.)

घरी परतताना गाडीत मुक्ताने मला कळवले की हॅम मी शिजवणार आहे, कारण तिच्या आईबापांत मांस खाणारा मी एकटाच आहे. काका, नियतीची गंमत पाहा. चातुर्मासात ज्या घरातला कांदासुद्धा हद्दपार होऊन गोठ्यात राही त्या घरचा मी. आणि जिच्या पाळण्याच्या वर हॅमे टांगलेली असत अशी डार्लीन. लग्न झाले आणि आम्ही हार घालताना आहारही बदलून घेतले. ती तर त्याआधी कॉलेजात असतानाच शाकाहारी झाली होती, आणि तिच्या वडिलांनी ती गोष्ट अजून एखाद्या दीर्घ आजारासारखी सोसली आहे. "बरी होईल," असे ते दर नाताळात म्हणतात. मुक्ताने तिढा आणखी पक्का केला. हे माझे केळवण समजायचे, म्हणाली. केळवणाला आजोळचे हॅम. केळवण म्हणजे काय हे हर्शेल यांना समजावून सांगण्यात एक संध्याकाळ गेली. लग्नाआधी नातेवाईक मुलीला जेवायला घालतात हे त्यांना पटले. त्यात हॅम नसते हे पटले नाही.

मग एके सकाळी त्यांनी खोलीतले सर्वांत जुने हॅम काढले. हाडाजवळ लांब दाभण खुपसून बाहेर काढले, स्वतःच्या नाकाशी धरले, मग माझ्या नाकाशी धरले. मला धूर, मीठ आणि कुठेतरी आक्रोडासारखा वास आला. ते म्हणाले, "काय?" मी म्हणालो, "छान." ते म्हणाले, "एवढ्या शाळा शिकलास आणि 'छान'?" आणि ते ओझे माझ्या हातांत दिले. त्याच्यावर बुरशीचे असे पुट चढले होते की उत्खननात मिळाले असते तर त्यावर संशोधकांच्या दोन पिढ्यांचे पोट भरले असते. ही बुरशी म्हणजे वयाचा दाखला. ती नसली तर काळजी करतात.

ती घासायला हवी. व्हिनेगर आणि कुंचल्याने घासून मग पाण्यात भिजत घालायचे, पाणी बदलत राहायचे, म्हणजे वर्षानुवर्षांचे मीठ जरा मवाळ होते. डार्लीनने तिची भांडी द्यायचे नाकारले (ते न्याय्यच), त्यामुळे मी हॅमला वरच्या मजल्यावर न्हाणीघरातल्या टबात ठेवले. पुढले काही दिवस आमच्या घरातल्या संसाराची घडी त्याच्या स्नानाभोवती बसवली गेली. मला पंचामृताने न्हाऊ घालण्याचा सराव आहे, तेव्हा मी ते निष्ठेने केले. पाणी सोडताना सवयीने ओठ हलत होते. डार्लीन दारात टॉवेल घेऊन उभी राहून म्हणाली, "तुमच्या देवाची आंघोळ झाली असेल तर इथल्या माणसांचा विचार करा. आणि हे बघ, त्याला माझा साबण लावलास तर मी माहेरी जाईन." मी म्हणालो, माहेरी गेलीस तर तिथे अशी पन्नास टांगलेली आहेत. त्यावर तिने दार लावून घेतले. मी बाहेर, हॅम आत, आणि ती हॅमच्या शेजारी कशी उभी राहून नाहली ते मला आजतागायत विचारण्याचे धैर्य झालेले नाही.

मग आल्या ओपलआत्या. ह्या हर्शेल यांच्या धाकट्या बहीण, म्हणजे माझ्या आतेसासूबाई. ज्यांचे हॅम कुत्र्याने खाल्ले त्या. त्या विषयावर त्यांचे म्हणणे एवढेच, की कुत्र्याची तक्रार नव्हती. त्यांनी येताना सासूबाईंचा डबा आणला होता. पूर्वी डुकराची चरबी साठवायचे ते पत्र्याचे गोल, उंच डबे असत, त्यांतला हा एक. झाकण इतके वाकडे की एका बाजूने बसवले तर दुसऱ्या बाजूने नमस्कार करते. ओपलआत्यांनी रीत सांगितली. हॅमचे नडगीकडले टोक करवतीने उतरवायचे, म्हणजे ते डब्यात उभे राहते. परसात गॅसच्या शेगडीवर डबा ठेवून पाण्याला खळखळून उकळी आणायची. काही वेळ तसे उकळले की डबा उचलायचा, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळायचा, त्यावर गोधड्या लपेटायच्या, सुतळीने बांधायचा, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत त्याला विसरायचे. पोटातल्या उष्णतेवर ते आपले आपण शिजते. "उघडायचं नाही, हलवायचं नाही," त्या म्हणाल्या, "आणि त्याच्याकडे टक लावून बघायचंसुद्धा नाही, बाळा. हॅम लाजतं." (मला साठी खुणावते आहे, पण ओपलआत्यांचा मी बाळच.)

मी विचारले की हीच रीत असेल तर तुमचे कसे बिघडले? त्या म्हणाल्या, तेच तर कळत नाही. डबा तोच, गोधड्या त्याच, रीत व्हर्नाने स्वतः सांगितलेली, आणि तरी हाडापाशी कच्चे राहिले. "व्हर्नाच्या हाताला काहीतरी होतं," त्या म्हणाल्या. हाताला काहीतरी असणे हे प्रमाण मला मान्य आहे, आपल्या आजीच्या पिठल्यालाही ते होते. पण ते उधार मिळत नाही. त्या क्षणी मला मार्गशीर्षातला तुमचा मुहूर्त, सासरेबुवांसाठी तुमच्या घरी राखायची खालची खोली आणि मुक्ताचा चेहरा असे तिन्ही एकदम दिसले.

उकळी आली. बाळंतिणीसाठी सुईण जशी बिनवाऱ्याची खोली शोधते तशी ओपलआत्यांनी घरभर हात हवेत धरून दिवाणखान्याचा एक कोपरा निवडला. तिथे मी आणि मुक्ताने तो डबा आणला, गुंडाळला, बांधला, वर ओपलआत्यांची निळी-पिवळी गोधडी नीट खोचून बसवली. काम इतके सुबक झाले की सोफ्याच्या जोडीला मुद्दाम करवून घेतलेली बैठक वाटावी. इथेच घात झाला.

दुपारी ब्रदर लॉनी आले. हे आमच्या चर्चचे पाद्री. माणूस सोन्यासारखा आणि वजनालाही सोन्यासारखाच जड. दारातून येताना दाराला आधी कळते. मुक्ता दूरदेशी, दुसऱ्या रीतीने लग्न करणार, तेव्हा तिच्यासाठी एक प्रार्थना करून जावे म्हणून ते आले होते. सगळ्यांशी हात मिळवत मिळवत ते मागे सरकले आणि त्या बैठकीवर बसले.

काका, तुम्ही म्हणाल, मग सांगायचे, अहो उठा, खाली हॅम आहे. तुम्ही सांगाल. मी इथे इतकी वर्षे राहिलो आहे की मी सांगू शकत नाही. या मुलखात पाहुणा बसला की बसला. आणि पाद्र्याला 'उठा' म्हणणे हे पंक्तीत बसलेल्या भटजींचे पान ओढण्यासारखे. ओपलआत्यांचा चेहरा पांढरा पडला, पण जिभेवरचा मध हलला नाही. "ब्रदर लॉनी, इकडे खिडकीपाशी बसा की, तिथे वारं नाही."

"इथंच बरं आहे, मिस ओपल."

"ती आरामखुर्ची रिकामी आहे हो."

"नको नको, कुणाची तरी असेल."

"हर्शेलची आहे, तो इथे नाही, आणि असता तरी तुम्हाला नाही म्हणाला नसता."

"हर्शेल म्हणाला असता," असे ब्रदर लॉनी हसून म्हणाले आणि आणखी ऐसपैस बसले. डब्यातून एक बारीक कण्हणे ऐकू आले. आम्ही तिघेही मोठ्याने हवापाण्याविषयी बोलू लागलो.

थोड्या वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण शांती पसरली. त्यांची कंबर गेले कित्येक आठवडे धरली होती, खुर्चीत बसवत नव्हते. आणि आता, ते हळू आवाजात म्हणाले, या घरात बसल्यापासून खालून वर एक ऊब चढते आहे, असे त्यांना तरुणपणी एकदाच झाले होते. मुक्ता उशीत तोंड खुपसून खोलीबाहेर गेली. त्यांना वाटले, मुलगी हेलावली. मग त्यांनी प्रार्थना सुरू केली. नवरा-नवरी, दोन्ही घरे, दोन्ही देश, विमानाचा चालक, तुम्ही (हो, तुम्हीसुद्धा, "त्या वडीलधाऱ्या काकांचे पंचांग शुभ असो" अशा शब्दांत, मी मागे कधी बोललो असेन), आणि मग ज्यांची नावे आठवतील ते सर्व. ऊब टिकली तोवर प्रार्थना टिकली. डार्लीन कामावरून परतली, दारातच तिने त्या बैठकीकडे आणि बैठकीवरच्या ब्रदर लॉनींकडे पाहिले, आणि मला तिच्या डोळ्यांत गेल्या पंचवीस वर्षांतला सर्वांत निर्मळ आनंद दिसला. तिने त्यांना चहा विचारला. वर केक विचारला. ते केकसाठी थांबले.

ते गेल्यावर ओपलआत्या गोधडीपाशी गुडघे टेकून बसल्या. बाहेरून पाहता झाकण डब्यात असे घट्ट रुतले होते की आता ते वाकडे होते हे सांगून पटले नसते. उघडून बघायची सोय नव्हती. "झालं," त्या म्हणाल्या, "आता कुत्र्यालासुद्धा नको."

दुसऱ्या सकाळी झाकण मी छिन्नीने उचकटले. बाकीचे काम मुकाट केले. जाड कातडे सोलले (ते हाताने पायमोजा उतरावा तसे निघून आले, तेव्हा ओपलआत्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले), चरबीवर सुरीने चौकडी पाडली, प्रत्येक चौकटीत लवंग टोचली, वर काळपट साखर थापली, आणि डार्लीनने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडण्याच्या अटीवर दिलेल्या भट्टीत ते तांबूस होऊ दिले. तेवढ्यात ओपलआत्यांनी त्यांची ती कणीक बडवून बडवून केलेली, रुपयाएवढी पांढरी खुसखुशीत बिस्किटे काढली; ही मधोमध फोडून आत हॅमची चकती ठेवून खातात.

केळवणाला हर्शेल आले, ओपलआत्या आल्या, आणि मुक्ताने आग्रहाने बोलावले म्हणून ब्रदर लॉनीही आले. (कंबर सुधारली होती.) मुक्ताला मी पाटावर नाही तरी निदान पूर्वेकडे तोंड करून बसवले, डार्लीनने औक्षण केले, आणि सुरी हर्शेल यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कागदासारखी पातळ चकती उतरवली आणि उजेडात धरली. आरपार दिसणाऱ्या तांबड्या रंगात पांढरे बारीक कण चमकत होते. त्यांनी हाडापाशी आणखी एक उतरवली. ती कच्ची नव्हती. ती तोंडात टाकून त्यांनी डोळे मिटले, आणि पंक्तीत कुणी बिस्किटाला हात लावेना.

(इथे थोडे थांबतो. काकू देवळात गेल्या असताना लिहिलेले तुमचे पोस्टकार्ड पोचले होते. 'चव नेमकी कशी, हे केवळ जिज्ञासा म्हणून' असे तुम्ही विचारले आहे. तेव्हा केवळ जिज्ञासेपुरते सांगतो. पहिल्या घासाला नुसते मीठ लागते. दुसऱ्याला धूर येतो, जसा थंडीत शेकोटीपाशी बसून आल्यावर आपल्याच उपरण्याला येतो. तिसऱ्याला जे लागते ते आपल्या घरच्या, काळ्या पडलेल्या, मुरून मुरून लिंबूपण विसरलेल्या लोणच्याच्या जवळचे आहे. जास्त खाता येत नाही आणि थांबताही येत नाही. हे पत्र वाचून झाल्यावर पोस्टकार्डाचा विषय आपण दोघेही विसरू.)

हर्शेल यांनी डोळे उघडले आणि बहिणीला विचारले, "कसं केलंस?"

"मी नाही, प्रोफेसरने केलं," ओपलआत्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. आणि मग त्यांना राहवेना. त्यांनी सगळे सांगितले, अगदी कण्हण्यापर्यंत. ब्रदर लॉनी टोमॅटोसारखे लाल होत गेले. "म्हणजे ती ऊब..." ते म्हणाले. "हॅमची होती," डार्लीन गोड आवाजात म्हणाली, "पण पाठवणारा तोच असेल, ब्रदर लॉनी."

सगळे हसत सुटले, एकटे हर्शेल सोडून. त्यांनी काटा खाली ठेवला.

"व्हर्ना त्याच्यावर बसायची," ते म्हणाले.

कुणाला काही कळले नाही.

"डब्यावर. गुंडाळून झाला की दुपारभर त्याच्यावर बसून शेंगा सोलायची. मी म्हणायचो, बाई, घरात एवढ्या खुर्च्या आहेत. तर म्हणायची, मला इथं ऊब लागते."

ओपलआत्यांनी हातातले बिस्किट ठेवले. "आणि मेलीने मला कधी सांगितलं नाही!"

"तिलाच माहीत नव्हतं," हर्शेल म्हणाले. मग त्यांनी हाडापाशीची आणखी एक चकती काढली, बिस्किटात घातली आणि मुक्ताच्या ताटात ठेवली. घास भरवायची पद्धत इकडे नाही; ही तिच्या सर्वांत जवळची गोष्ट. ब्रदर लॉनी शेजारी बसले होते त्यांच्या खांद्यावर त्यांनी एकदा हात ठेवला आणि काढून घेतला. आणि थाळी जवळजवळ संपत आली तेव्हा, अगदी करवतीची पाती कुठे मिळतात असे विचारावे त्या सुरात, मला म्हणाले, "प्रोफेसर, पासपोर्टचा फोटो टोपी घालून काढू देतात का?"

मुक्ता उठून त्यांच्या गळ्यात पडली. टोपी पडली. डार्लीन स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी होती.

तर काका, तुमच्या दोन रेघांचे उत्तर असे: सासरेबुवा येतात. खालची खोली त्यांच्यासाठी ठेवावी, आणि मामाच्या मानाचा फेटा जरा मोठ्या मापाचा सांगावा. तो टोपीवरून बांधावा लागेल. काकूंना साष्टांग नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक पुतण्या,
त्रिविक्रम

ता. क. : हर्शेल पहाटे उठतात आणि काळी कॉफी पितात. ती कितीही कडू झाली तरी काकूंनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसले तर ते कॉफीमुळे नाही, तो चेहराच आहे.

दुसरा ता. क. : एक बारीकशी गोष्ट राहिली. काल हर्शेल धुराच्या खोलीची किल्ली घेऊन माझ्याकडे आले. ज्याला हॅम शिजवता येते त्याला राखताही येईल, असे त्यांचे अनुमान. (शेवटी त्यांनीही अनुमान केले!) म्हणाले, "मी लग्नाला जातो. मिठाकडे तू बघ. दुसऱ्या कुणाच्या हाती मी देणार नाही." काका, इतक्या वर्षांत मला त्या उंबऱ्याआत एकट्याला पाऊल टाकू न दिलेला हा माणूस किल्ली पुढे करून उभा होता. मी तत्काळ, दोन्ही हात पुढे करून, हो म्हणालो. नवरीचा बाप मीच आहे हे माझ्या ध्यानात आले तेव्हा त्यांची गाडी वळणापलीकडे गेली होती.

तिसरा ता. क. : किल्ली परत द्यावी तर ते यायचे नाहीत, ठेवावी तर मी यायचा नाही. तेव्हा अत्यंत नम्रपणे विचारतो की मुहूर्त वैशाखात हलेल काय? माघ-फाल्गुन सुचवू नये, तेव्हा मांड्या धुरात असतात. वैशाखात त्या मुकाट टांगलेल्या असतात आणि त्यांना कुणाचीच गरज नसते. आपल्याकडे तेव्हा उन्हाचा कहर असतो हे मी हर्शेल यांना आडून सुचवून पाहिले. ते म्हणाले, "एक उन्हाळा घाम गाळल्याशिवाय हॅमला चव येत नाही. मला काय होतंय?" मार्गशीर्ष शुद्ध दशमीच्या सौंदर्याविषयी मी वर जे लिहिले त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही, फक्त ते सौंदर्य दुसऱ्या कुणाच्या मुलीला लाभावे.

चौथा ता. क. : उत्तर इथली पहिली थंडी पडायच्या आत यावे. दव गोठले की हर्शेल मिठाची पोती उघडतात आणि मग ग्रहबळ चालत नाही. आणि पत्र घरी न पाठवता माझ्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवावे. मी हो म्हणालो आहे, हे डार्लीनला अजून ठाऊक नाही.